रात्री दोनचा सीबीसी: पांढऱ्या पेशींचा आकडा बिघडलेला दिसला की काय करायचं

जत तालुक्यातल्या एका आजींना त्यांच्या मुलाने रात्री साडेदहाला आणलं. ताप, अंगात कणकण आणि तोंड आलेलं. "चार दिस झालं, भाकरी गिळंना," एवढंच आजी सांगत होत्या. मी रक्त सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला पाठवलं, सलाईन लावायला सांगितलं आणि अपघाताच्या पेशंटकडे वळले. तासाभराने लॅबचा फोन आला. सिस्टरने घेतला आणि केसपेपरवर लिहिलं, 'काऊंट ११'. मी वाचलं, पांढऱ्या पेशी अकरा हजार. मनात म्हटलं, ठीक आहे. दीड तासाने छापील रिपोर्ट हातात आला, त्यावर होतं १.१. लॅबवाल्यांनी "एक पॉइंट एक" सांगितलं होतं आणि कॅज्युअल्टीच्या गोंगाटात मधला पॉइंट गळाला होता.

अकरा हजार असते तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबता आलं असतं. अकराशे म्हटल्यावर एका तासाच्या आत अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं होतं. माझा दीड तास तर आधीच गेला होता.

तेव्हापासून आमच्याकडे फोनवर काऊंट सांगायचा तो पूर्ण आकड्यात, "एक हजार शंभर" असा. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा आणि शेजारी वेळ लिहायची. बहुतेक मशीनं हजारांत छापतात, म्हणजे १२.४ म्हणजे १२,४००. काही लॅब सलग आकडा देतात. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये असले की डोळा फसतो.

सांगलीत कॅज्युअल्टी सांभाळायला लागून मला सोळा वर्षं झाली. नवीन आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि इंटर्न येतात, त्यांना रात्री चहाच्या वेळी जे सांगते तेच इथे लिहितेय.

आधी पेशंट, मग कागद

मोठ्या माणसात ४,००० ते ११,००० हा नेहमीचा पट्टा. पण पहिल्या दिवसाच्या बाळाचा काऊंट २०-२५ हजार असणं काहीच विशेष नाही. गरोदर बाईचा १५,००० पर्यंत जातो आणि ऐन कळांमध्ये २५,००० सुद्धा दिसतो. कळा देणाऱ्या एका बाईचा १९,००० बघून आमच्या एका आरएमओने तीन अँटिबायोटिकं लिहून ठेवली होती. बाई तासाभरात बाळंत झाली, ताप नाही, काही नाही.

आकडा वर दिसला की माझा पहिला प्रश्न असतो: गेल्या पाच-सहा तासांत या माणसाला काय काय झालं? रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकी (इन्फेक्शनशी आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) निम्म्या-एक पेशी रक्तात वाहत नसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. अ‍ॅड्रेनालिन वाढलं की त्या भिंत सोडून प्रवाहात येतात. मिनिटांत काऊंट चढतो, एकही नवी पेशी तयार न होता. फिट येऊन गेलेला, जोरात उलट्या झालेला, मांडीचं हाड मोडलेला, दम्यासाठी चार वेळा वाफ घेतलेला, या सगळ्यांचा काऊंट १५-१६ हजार येऊ शकतो. शुगर वाढून रक्तात आम्ल साठलेल्या, म्हणजे अ‍ॅसिडोसिसमध्ये आलेल्याचंही तसंच. मात्र तिथे २५,००० च्या वर गेला तर कुठेतरी इन्फेक्शन दडलंय असं धरून शोधा.

आटपाडीकडच्या एका नऊ वर्षांच्या पोराचं उदाहरण देते. शेणी काढताना हाताला विंचू चावला. घामाने शर्ट भिजलेला, हातपाय गार, नाडी १५० आणि काऊंट २२,०००. ड्यूटीवरच्या मुलाने सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक भरून ठेवलं होतं. मी म्हटलं, सिरिंज खाली ठेव आणि आधी त्याचे तळहात हातात धरून बघ. तो काऊंट विषाने उसळलेल्या अ‍ॅड्रेनालिनचा होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात ज्या औषधाचा उपयोग दाखवून दिला त्या प्राझोसिनची त्याला गरज होती, आणि बीपी, छाती, ईसीजी यांच्याकडे डोळे लावून बसण्याची. सकाळी काऊंट ११,४०० वर आला, अँटिबायोटिकचा एक थेंबही न देता.

दुसरा प्रश्न औषधांचा. नुसतं "काही गोळ्या चालू आहेत का?" विचारलं तर "नाही" हेच उत्तर मिळतं. "गावात सुई घेतली का? ताकदीचं इंजेक्शन? गुडघ्यासाठी पुडी खाता का?" असं विचारा. त्या सुईत बऱ्याचदा डेक्सामेथासोन असतं आणि पुडीतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइडने चार-सहा तासांत काऊंट चढतो. एक खूण लक्षात ठेवा: निव्वळ स्टिरॉइडमुळे चढलेल्या काऊंटमध्ये कोवळ्या पेशी, म्हणजे बँड, फारशा दिसत नाहीत. बँड १० टक्क्यांच्या वर असतील आणि स्लाइडवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) टॉक्सिक ग्रॅन्यूल, म्हणजे जबर इन्फेक्शनमध्ये पेशींत येणारे गडद दाणे, दिसत असतील तर सुईवर खापर फोडून मोकळं होऊ नका.

तिसरा, जुना रिपोर्ट. फाईल हमखास घरी राहिलेली असते. घरी कुणीतरी जागं असतंच, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायला सांगा. प्लीहा काढलेल्या माणसाचा काऊंट वर्षानुवर्षं वरच असू शकतो. आजचा १४,००० हा त्याचा रोजचाच आकडा निघाला तर तुमची रात्र वाचते.

टक्क्यांवर जाऊ नका, गुणाकार करा

लिंफोसाइट हा पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार. रिपोर्टवर 'लिंफोसाइट ६० टक्के' असं ठळक छापून येतं आणि नातेवाईक मोबाइलवर शोधून घाबरून येतात. टोटल ३,००० असेल तर ६० टक्के म्हणजे १,८००. हे नॉर्मल आहे. कमी झालेत ते न्यूट्रोफिल. उरलेल्या ४० टक्क्यांत सगळेच न्यूट्रोफिल धरले तरी जेमतेम १,२०० होतात.

न्यूट्रोफिलचा खरा आकडा काढायला टोटलला न्यूट्रोफिल आणि बँडच्या टक्क्यांच्या बेरजेने गुणा आणि शंभराने भागा. दोन पेशंट घ्या, दोघांचा काऊंट २,२००. एकाचे न्यूट्रोफिल ७० टक्के, म्हणजे १,५४०. त्याला घाई नाही. दुसऱ्याचे २०, म्हणजे ४४०. त्याला ताप असेल तर तो हृदयविकाराच्या पेशंटइतकाच तातडीचा. १,५०० च्या खाली न्यूट्रोपेनिया, ५०० च्या खाली तो गंभीर.

आपल्याकडच्या छोट्या लॅबमध्ये अजून थ्री-पार्ट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं मशीन असतं. ते इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल हे उरलेले प्रकार एकत्र करून 'मिड' म्हणून छापतं. कोवळ्या असाधारण पेशीही कधीकधी त्यातच जाऊन बसतात. मिड वाढलेला दिसला किंवा आकड्याशेजारी चांदणी आली की स्लाइड मागायची. रात्रीचे लॅबवाले काका कुरकुर करतात, करू दे. आमच्या काकांनीच मला दोनदा फोन करून उठवलंय, "मॅडम, मशीन कायबी म्हणू दे, ह्या पेशी मला बऱ्या दिसत न्हाईत."

इओसिनोफिलबद्दल एक जुनी युक्ती. शरीरावर मोठा ताण आला की ते जवळजवळ नाहीसे होतात. शॉकमधल्या माणसात ते चांगले टिकून असतील तर अ‍ॅड्रेनल ग्रंथी काम करते ना, हे तपासा. अनेक महिने स्टिरॉइड खाऊन अचानक बंद केलेल्यांत मी हे पाहिलंय.

सॅम्पलच चुकलेलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. सलाईन चालू असलेल्या हातातून, वरच्या बाजूने रक्त काढलं तर पांढऱ्या, तांबड्या, प्लेटलेट, तिन्ही पातळ होऊन येतात. डेक्स्ट्रोज चालू असेल तर शुगर ९०० येते आणि सगळे धावतात. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात पडलेले दिसले की आधी विचारा, कोणत्या हातातून काढलं? मग दुसऱ्या हातातून जांभळ्या टोपीच्या बाटलीत पुन्हा काढा. वॉर्डबॉय मामांनी बाटली हलवलीच नसेल तर गुठळी होते, तोही एक घोळ. बाळांत आणि थॅलसेमियाच्या मुलांत केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी मशीन पांढऱ्या म्हणून मोजतं. स्लाइडवर शंभर पांढऱ्यांमागे अशा २० दिसल्या तर २४,००० चा खरा आकडा २०,००० निघतो (२४,००० गुणिले १०० भागिले १२०).

"पेशी कमी झाल्यात"

नातेवाईक दारातूनच हे सांगत येतात तेव्हा त्यांना प्लेटलेट म्हणायचं असतं. जुलै ते नोव्हेंबर आमच्याकडे 'पेशी' म्हणजे प्लेटलेटच. "पेशी किती हाईत?" याला उत्तर देताना कुठल्या पेशी ते आधी स्पष्ट करा. पांढऱ्यांचा आकडा सांगितला आणि त्यांनी तो प्लेटलेटचा समजला, यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

डेंगीत आधी पांढऱ्या पेशी उतरतात, मग प्लेटलेट, आणि त्याच सुमारास रक्तवाहिन्या गळायला लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काऊंट २,८०० आणि प्लेटलेट अजून १,४०,००० अशी जोडी दिसली की पेशंटला "बरं आहे" म्हणून सोडू नका. ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा, बघत राहा. पांढऱ्या पेशी परत चढू लागल्या की पेशंट वळणावर आलाय असं मी समजते.

आता प्लेटलेट कमी पण पांढऱ्या पेशी १६,००० आणि न्यूट्रोफिल ८८ टक्के असतील तर डेंगीचं नाव खोडा आणि पोटऱ्या दाबून बघा. कळ मारली, डोळे लाल किंवा पिवळे दिसले, लघवी कमी झाली असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). चिखलात, उसाच्या पाण्यात अनवाणी काम केलंय का ते विचारा. २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीतल्या गावभाग आणि आसपासच्या वस्त्यांतला तापाचा प्रत्येक पेशंट आम्ही याच नजरेने पाहिला. डोंगराकडून, म्हणजे शिराळा-पाटण पट्ट्यातून आलेल्याची काख आणि जांघ कपडे काढून तपासा. सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग सापडला तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), आणि त्यात काऊंट बहुधा नॉर्मल किंवा चढा असतो. टायफॉइडमध्ये काऊंट नॉर्मल किंवा कमी आणि इओसिनोफिल शून्य.

पुन्हा आजींकडे येते. अकराशेपैकी न्यूट्रोफिल २८ टक्के, म्हणजे ३०८. हिमोग्लोबिन ७.२, प्लेटलेट ३४,०००. तिन्ही प्रकारच्या पेशी खाली, आणि सलाईन दुसऱ्याच हातात होतं, म्हणजे सॅम्पल खरं. मुलाला म्हटलं, सगळ्या गोळ्या दाखवा. त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. बीपीची गोळी, कॅल्शियम, आणि एक पिवळ्या गोळ्यांची पट्टी, दहातली एक शिल्लक. मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पाकिटावर पेनने फक्त 'सकाळी १' लिहिलेलं. आजींनी नऊ दिवस रोज चहाबरोबर घेतली. पेशी पडल्या आणि तोंड आलं, ते तिनेच.

अशा वेळी काय काय करायचं ते सांगते. ताप एकदा १०१ च्या वर किंवा तासभर १००.४ च्या वर, आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली किंवा तिकडे निघालेले, तर रक्ताची दोन कल्चरं (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) दोन जागांवरून घ्या आणि लगेच पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपीम सुरू करा. छातीचा फोटो, युरिन, सोनोग्राफी सगळं नंतर. फोटो स्वच्छ आला म्हणून न्यूमोनिया नाही असं समजू नका. पू तयार करायला पेशीच नाहीत, डाग कशाने दिसणार? गुदद्वारातून तपासणी, तिथून ताप मोजणं, एनिमा, सगळं वर्ज्य. उजव्या बाजूला खाली पोट दुखत असेल तर सर्जनला आत्ताच कळवा. मेथोट्रेक्सेट असेल तर ते बंद, क्रिएटिनिन पाठवा आणि फोलिनिक अ‍ॅसिड द्या. साधी फोलिक अ‍ॅसिडची गोळी त्याची जागा घेत नाही.

थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल घेणारी मुलगी घसा दुखतोय म्हणून आली तर अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिण्याआधी सीबीसी. या गोळीनेही न्यूट्रोफिल कोसळू शकतात, म्हणून यात मी अपवाद करत नाही. मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणारे आणि केमो चालू असलेले यांचंही हेच. केमोवाले आपणहून सांगतात. थायरॉइडवाल्यांना ती गोळी 'औषध' वाटतच नाही.

लाखाच्या वर

गळिताच्या हंगामात बीडकडची ऊसतोड टोळी येते. त्यातल्या चोवीस वर्षांच्या एका पोराला मुकादमाने ट्रॅक्टरवरून आणलं. दम लागलेला, हिरड्यांतून रक्त, बोलताना अडखळत होता. काऊंट १,८६,०००, हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट १८,०००. स्लाइडवर नुसत्या ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियातल्या (रक्ताच्या कर्करोगातल्या) अगदी कोवळ्या पेशी.

इथे हात सहज चुकतो. ५.८ बघून आरएमओने रक्तपेढीला दोन पिशव्यांसाठी फोन लावला होता. मी तो बंद करायला लावला. ब्लास्टनी रक्त आधीच घट्ट झालंय, फुप्फुसाच्या आणि मेंदूच्या बारीक वाहिन्या तुंबल्यात. त्यात तांबड्या पेशी ओतल्या की आणखी तुंबतात. रक्तस्राव चालू असेल तर प्लेटलेट द्या; तांबड्या पेशी अगदी नाइलाज असेल तरच आणि सावकाश.

मग पोटॅशियम आलं ६.९, म्हणजे जिवाला धोक्याचं. पण ईसीजीत टी लहरी साध्या, म्हणजे हृदयावर परिणाम दिसत नव्हता. नाजूक ब्लास्ट बाटलीतच फुटतात आणि पोटॅशियम सांडतात. रक्त काढून थेट एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर घातलं तर ४.३. त्याच एबीजीत ऑक्सिजन मात्र फारच कमी, आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९५. सिरिंजमध्ये पडल्या पडल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजन खात असतात. अशा वेळी ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवा, आणि सॅम्पल बर्फात घालून पळवा.

पोटॅशियम न घातलेलं सलाईन, युरिक अ‍ॅसिड, फॉस्फेट, कॅल्शियम, क्रिएटिनिन, पीटी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठण्याच्या तपासण्या) पाठवणं, आणि रक्तविकारतज्ज्ञांना फोन करून पेशी उतरवणारं हायड्रॉक्सियुरिया. एवढं आपल्या हातात. रक्तस्राव जास्त आणि फायब्रिनोजेन पडलेलं असेल तर 'एम-थ्री असू शकतो का?' (एम-थ्री हा ल्युकेमियाचा रक्तस्राव घडवणारा प्रकार) हे स्पष्ट शब्दांत विचारा, कारण त्याचं औषध संशयावरच सुरू करतात.

उलट, तासगावच्या एका द्राक्षबागायतदारांचा काऊंट १,५०,००० होता आणि ते चालत आले होते. पोट डाव्या बाजूने जड वाटतं, एवढीच तक्रार. प्लीहा बेंबीपर्यंत, स्लाइडवर सगळ्या टप्प्यांच्या पेशी आणि बेसोफिल. सीएमएल, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. त्यांना रात्री अ‍ॅम्ब्युलन्स नको होती, सकाळची अपॉइंटमेंट पुरली. आकडा जवळपास तेवढाच, पण ब्लास्ट तुंबतात तशा पिकलेल्या पेशी सहसा तुंबत नाहीत. ५०-६० हजारांपर्यंत तर नुसतं जबर इन्फेक्शनसुद्धा नेऊ शकतं. तान्ह्या बाळात लिंफोसाइट ४०,००० आणि खोकून खोकून निळं पडणं दिसलं तर डांग्या खोकला समजून तिथूनच बालरोगतज्ज्ञांना बोलवा.

नॉर्मल काऊंटवर मात्र झोपू नका. मधुमेही, म्हातारे, स्टिरॉइडवरचे, यांच्यात सेप्सिसमध्येही (इन्फेक्शनने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हाही) ८,२०० येतो. २०१६ च्या सेप्सिसच्या व्याख्येतून पांढऱ्या पेशींचा निकष काढून टाकलाय. श्वास, बीपी, शुद्ध, लघवी, क्रिएटिनिन, प्लेटलेट बघा. अपेंडिक्सच्या पहिल्या काही तासांतही काऊंट साधा असतो. दुखरं पोट पुन्हा दाबायला सहा तासांनी परत जा.

पेशंट मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीत प्रत्येक काऊंटपुढे वेळ लिहा, स्टिरॉइडच्या आधीचा की नंतरचा ते लिहा, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता गेला ते लिहा. कल्चर आपल्याकडे लावलं असेल तर त्याचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट तिकडे असतो. म्हणून आपल्या लॅबचा नंबर चिठ्ठीवर आणि तिकडच्या वॉर्डाचा आपल्या रजिस्टरात. आजींच्या बाटलीत तिसऱ्या दिवशी क्लेबसिएला हा जंतू वाढला. फोन मीच केला. पलीकडच्या डॉक्टरांकडून त्या जंतूवर चालणाऱ्या औषधांची नावं एकेक करून परत म्हणवून घेतली, तेव्हा ते जरा वैतागले.